लसीकरणाचं कार्ड हरवलंय, ग्रीन कार्डच्या मेडिकलला पुरावा काय द्यायचा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) भरायची तयारी चालू आहे आणि त्यासोबत आय-६९३ (मेडिकलचा फॉर्म) लागणार, म्हणून मेडिकल न्यू जर्सीत करून घ्यायचं आहे. आमची स्थिती अशी:

मी, जन्म १९८६, सातारा जिल्हा. कार्ड नाही. आई म्हणते सगळ्या लशी वेळेवर दिल्या. २०१९ मध्ये पुण्यात पायाला पत्रा लागला तेव्हा टीटीचं इंजेक्शन घेतलं, त्याची पावती आहे.

बायको, जन्म १९९०. कार्ड आहे, पण घडीवर फाटलंय. काही रकान्यांत तारखा आहेत, काही ठिकाणी नुसती बरोबरची खूण. धाकटीचा जन्म इथलाच, २०२२ चा.

मुलगा, जन्म जून २०१८. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं मराठी कार्ड आहे. इथे शाळेत जातो.

प्रश्न तीन. गावाकडून कागद मिळवायच्या मागे लागू का? टायटर (प्रतिकारशक्तीची रक्त तपासणी) करू की सरळ लशी घेऊ? आणि आमचे गावचे डॉक्टर ‘सर्व लशी दिल्या होत्या’ असं लेटरहेडवर लिहून द्यायला तयार आहेत, ते चालेल का?

निशिगंध

आईचं खरंच असणार, पण तोंडी सांगितलेलं इथे धरत नाहीत. सिव्हिल सर्जनला (इथे हे मेडिकल करायला सरकारने नेमलेले डॉक्टर) लेखी नोंद लागते आणि तिच्यात प्रत्येक डोसची दिवस-महिना-वर्ष अशी पूर्ण तारीख लागते. बायकोच्या कार्डावरच्या नुसत्या खुणा त्यामुळे बाद. ज्या रकान्यात तारीख वाचता येते तेवढाच डोस धरला जाईल. खाडाखोड दिसली तर तोही नाकारायचा अधिकार डॉक्टरांना आहे, म्हणून पुसट आकडे पेनाने गिरवून ठळक करू नका. असंच कार्ड दाखवा.

आता कागदाच्या मागे लागण्याआधी एक हिशेब करा: तुमचं कार्ड उद्या सापडलं, तर त्याने तुमची नेमकी कुठली सुई वाचेल? १९८६ च्या मुलाच्या कार्डावर बीसीजी (टीबीची लस), डीपीटी, पोलिओचे थेंब, गोवर आणि पुढे टीटी एवढंच असणार. एकेक बघू.

बीसीजी इथल्या लशींच्या यादीत नाहीच.

गोवराची लस आपल्याकडे नवव्या महिन्यात देत. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला गोवराचा डोस धरत नाहीत, फार तर चार दिवसांची सूट. शिवाय इथे गोवर, गालगुंड आणि रुबेला तिन्ही लागतात, आणि तुमच्या वेळी सरकारी कार्यक्रमात गालगुंड-रुबेला नव्हतेच. म्हणजे कार्ड असो वा नसो, एमएमआर (या तिन्हींची एकत्र लस) घ्यावीच लागेल किंवा टायटरने सिद्ध करावी लागेल.

डीपीटी लहानपणी पूर्ण झाली असली तरी दहा वर्षांच्या आतला टीडी (धनुर्वात-घटसर्प) किंवा टीडॅप (त्यात डांग्या खोकलाही) लागतोच. २०१९ चं टीटी इथे उपयोगाचं नाही. टीटीत फक्त धनुर्वात असतो, घटसर्प नसतो. ही चूक आपल्या लोकांची हमखास होते, पावती जपून आणतात आणि ती बाजूला ठेवली जाते. एक टीडॅप घेऊन मोकळे व्हा.

कावीळ ब आणि कांजिण्या सरकारी कार्डावर त्या काळी नव्हत्याच. कावीळ ब देशभरच्या सरकारी लसीकरणात २०११-१२ पर्यंत आली.

राहता राहिला पोलिओ, आणि जुन्या कार्डाचा खरा उपयोग तिथेच होतो. प्रौढांच्या पोलिओबद्दलही डॉक्टर आता विचारतात. एप्रिल २०१६ च्या आधीचे नियमित लसीकरणातले थेंब तीन प्रकारच्या विषाणूंविरुद्धचे होते, ते इथे धरतात. बायकोच्या कार्डावर पोलिओ १, २, ३ पुढे तारखा वाचता येत असतील तर तिचा तो कोर्स पूर्ण. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर घेतलेले थेंब मात्र मोजत नाहीत, ते मोहिमेतले.

थोडक्यात तुमच्या कार्डासाठी सासरमाहेरची कपाटं उपसू नका. मिळालं तर पोलिओची एक सुई वाचेल, बस्स. मुलाचं कार्ड मात्र सोन्यासारखं जपा.

रानजाई

निशिगंध यांनी भारतातल्या कागदांचं सांगितलं. मी उलट दिशेने सांगते, कारण इतकी वर्षं इथे राहिलेल्यांचा पुरावा बहुतेक वेळा अमेरिकेतच पडून असतो आणि तो कुणी मागतच नाही.

बायकोची २०२२ ची बाळंतपणाची फाइल आधी मागवा. गरोदरपणात सुरुवातीच्या रक्त तपासणीत रुबेलाची प्रतिकारशक्ती आणि कावीळ ब बघतात, पुष्कळ ठिकाणी कांजिण्यांचीही. आणि २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान टीडॅप देतात. तिने ती घेतली असेल तर २०३२ पर्यंत तिचा टीडॅपचा प्रश्न मिटला. रुबेला कमी निघाला असेल तर बाळंतपणानंतर दवाखान्यातून सुटताना एमएमआर दिलेली असू शकते, तीही नोंद त्याच फाइलमध्ये असते. रुग्णालयाच्या पोर्टलवर ‘इम्युनायझेशन’ आणि ‘लॅब रिझल्ट’ हे दोन्ही भाग उघडा. पहिल्यात नसलेलं दुसऱ्यात सापडतं.

तुमच्यापैकी कुणी इथे एमएस केलं असेल तर विद्यापीठाने प्रवेशाच्या वेळी एमएमआरचे दोन डोस किंवा टायटर मागितलेलं असणार. ते विद्यापीठाच्या हेल्थ सेंटरकडे असतं. शिक्षण संपल्यावर काही वर्षांनी जुन्या फाइली काढून टाकतात, त्यामुळे हे काम लांबवू नका.

फ्लूची लस फार्मसीत घेतली असेल तर फार्मसीच्या ॲपवरून नोंद छापून घ्या. शिवाय प्रत्येक राज्याची लसीकरणाची नोंदवही असते. न्यू जर्सीची आहे, कॅलिफोर्नियाची आहे. टेक्सासची पण आहे, फक्त तिथे तुमची संमती घेतलेली असेल तरच नोंद राहते. राज्य बदललं असेल तर दोन्हीकडे विचारा, एका राज्याची नोंद दुसऱ्यात आपोआप दिसेल असं धरू नका.

आणखी एक, पैशाचं. सिव्हिल सर्जनची फी सरकारने ठरवलेली नाही, प्रत्येकाची वेगळी. लशींचे पैसे ते वेगळे लावतात आणि बहुतेक ठिकाणी विमा चालत नाही. त्याच लशी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे किंवा फार्मसीत विम्यावर घेतल्या तर बहुतेक योजनांत खिशातून काही जात नाही. आधी तिथे घ्या, तारखेसकट छापील नोंद घ्या आणि मग मेडिकलला जा. विमा नसेल तर काउंटीच्या आरोग्य विभागात चौकशी करा.

सूक्ष्मदर्शी

टायटरबद्दल. सरसकट सगळ्यांचं टायटर करू नका, कुठल्या आजारासाठी करायचं ते निवडा.

कांजिण्या: लहानपणी येऊन गेल्या असतील तर टायटरही नको आणि लसही नको. या एकाच आजारात डॉक्टर तुमच्या तोंडी इतिहासावर विश्वास ठेवू शकतात. कोणत्या वयात आल्या, अंगावर कुठे फोड होते, घरात अजून कुणाला आल्या, हे नीट सांगा. ‘बहुतेक आल्या असाव्यात’ असं म्हणाल तर डॉक्टर लिहिणार नाहीत, मग आयजीजी चाचणी (म्हणजे टायटरच) करा. गावाकडे ‘देवी आल्या’, ‘माता आल्या’ असं म्हणतात, त्याचं भाषांतर करताना देवी म्हणजे स्मॉलपॉक्स असं चुकून सांगू नका. ‘अमेरिकेत १९८० पूर्वी जन्मलेल्यांना कांजिण्यांची सूट’ असं कुठे वाचाल, ती भारतात जन्मलेल्यांना लागू होत नाही.

एमएमआर: तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह आल्या तरच लस टळते. गोवर-रुबेला चांगले येऊन गालगुंड ‘इक्विव्होकल’ (अनिश्चित) आला की तो निगेटिव्हच धरतात, आणि मग चाचणीचा खर्च होऊन लस घ्यावीच लागते. आधीची प्रतिकारशक्ती असताना एमएमआरचा जादा डोस घेतल्याने अपाय होत नाही. म्हणून निरोगी प्रौढाने सरळ लस घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. बाळंतपणाच्या फाइलमध्ये रुबेला आधीच पॉझिटिव्ह असेल तर उरलेल्या दोनच चाचण्या कराव्यात, एवढाच अपवाद.

कावीळ ब: भारतात नोकरीच्या ठिकाणी किंवा कॉलेजात तीन डोस घेतले आणि कागद नाही, अशा माणसासाठी हे टायटर फायद्याचं आहे. सरफेस अँटिबॉडी १० एमआययू प्रति मिलिलीटर किंवा जास्त आली की पुरे. त्याच रक्तात सरफेस अँटिजेनही (आजार आत्ता अंगात आहे का ते दाखवणारा) बघून घ्या. पण रक्त लस घेण्याआधी द्या, कारण लस टोचल्यानंतर काही दिवस, कधी अडीच आठवड्यांपर्यंत, अँटिजेन चाचणी त्या लशीमुळेच पॉझिटिव्ह दिसू शकते आणि नाहक घबराट होते. कधीच लस घेतली नसेल तर टायटर करून काही हाती लागणार नाही, पहिला डोस घ्या.

पोलिओचं टायटर करू नका. दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूची चाचणी आता सहज उपलब्ध नाही, त्यामुळे पुरावा अर्धाच राहतो.

आता ज्यात वेळापत्रक बिघडतं ती गोष्ट. एमएमआर आणि कांजिण्या या दोन्ही जिवंत विषाणूंच्या लशी. दोन्ही एकाच दिवशी घ्या, नाहीतर मध्ये २८ दिवस ठेवा. सोमवारी एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरी घेतली तर दुसरी बाद ठरते, पुन्हा टोचावी लागते. मेडिकलला टीबीसाठी रक्त तपासणी असते, तिचाही या लशींशी संबंध आहे: रक्त लशीच्या आधी किंवा त्याच दिवशी द्या. लस घेऊन गेलात आणि मध्ये थोडेच दिवस झाले असतील तर चार ते सहा आठवडे थांबायला सांगतात. म्हणून रानजाईंचा सल्ला पाळून फार्मसीत आधी लशी घेणार असाल तर टीडॅप, कावीळ ब, फ्लू खुशाल घ्या, पण एमएमआर आणि कांजिण्या कधी घ्यायच्या ते सिव्हिल सर्जनच्या ऑफिसला फोन करून ठरवा. रक्त तपासणीला बीसीजीमुळे फरक पडत नाही. जुन्या त्वचेच्या चाचणीत पडायचा, ही वेगळी आहे.

गरोदर असाल तर या दोन्ही लशी घ्यायच्या नाहीत. डॉक्टर फॉर्मवर तशी खूण करतात आणि अर्ज अडत नाही. घेतल्यानंतर एक महिना गर्भधारणा टाळायची.

कृष्णाकाठ

फार उपयोगी माहिती, मनापासून आभार. बायकोच्या पोर्टलवर टीडॅप आणि रुबेला दोन्ही मिळाले! लेटरहेडचं मात्र कुणी बोललं नाही. आणि मला कावीळ ब चे तिन्ही डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतील, तोवर अर्ज थांबवायचा का?

निशिगंध

थांबवू नका. प्रत्येक लागू लशीचा एक डोस मेडिकलच्या दिवसापर्यंत घेतलेला असला की पुरतं. पुढच्या डोसची वेळ अजून आलेली नसेल तर डॉक्टर त्या लशीच्या ओळीत ‘पुरेसा कालावधी झालेला नाही’ अशा अर्थाच्या रकान्यात खूण करतात. ती सवलत तिथेच मिळते, वेगळा अर्ज नाही, फी नाही. काही ऑफिसं दुसऱ्या डोससाठी परत बोलावून मगच सही करतो म्हणतात, त्यांना हा रकाना दाखवून नम्रपणे विचारा. उरलेले डोस नंतर तुमच्या डॉक्टरकडे अवश्य पूर्ण करा, ते तुमच्या तब्येतीसाठी आहेत. कावीळ ब ची एक नवी लस चार आठवड्यांच्या अंतराने दोनच डोसांत होते, ती मागा.

फ्लू फक्त १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळात मेडिकल असेल तर लागतो. कोविडच्या लशीचा पुरावा जानेवारी २०२५ पासून मागत नाहीत.

बोरूबहाद्दर

लेटरहेडबद्दल सांगतो, आणि हे जरा कळकळीने सांगतो.

डॉक्टरांकडे त्या काळची वही किंवा केसपेपर असेल आणि त्यातल्या तारखा ते उतरवून देत असतील, तर ती नोंद. सोबत वहीच्या त्या पानाची सही-शिक्क्याची प्रत जोडा. वही नसताना आठवणीने, किंवा वेळापत्रकावरून ‘जन्मतारखेत दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने’ अशा तारखा काढून दिल्या, तर तो खोटा दाखला. डॉक्टर भल्या मनाने देत असतील. पण आय-६९३ वर शेवटी सही तुमची असते, आणि खोटी माहिती देऊन लाभ मिळवायचा प्रयत्न म्हणून ते धरलं गेलं तर कायमची प्रवेशबंदी येऊ शकते. त्या कागदाने वाचणार काय, तर दोन सुया. आपल्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांनी हा धोका घेऊ नये.

खरी नोंद हवी असेल तर तालुक्याच्या ठिकाणी नाही, ज्या उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात लस दिली तिथे विचारा. नर्सबाईंच्या लसीकरण रजिस्टरमध्ये गावाप्रमाणे नावं असतात. आईचं नाव, गाव आणि जन्माचा महिना सांगा, कारण बाळाचं बारसं व्हायच्या आधीच्या नोंदी आईच्या नावावर असतात. ऐंशी-नव्वदच्या दशकातली रजिस्टरं सापडणं अवघड, २०१८ चं सापडायला हरकत नाही. नोंद बाळाच्या नावाऐवजी ‘अमुक यांचा मुलगा’ अशी असेल तर जन्मदाखला जोडा, म्हणजे जन्मतारीख जुळते.

मराठी कार्डाचं इंग्रजी भाषांतर जोडा. नोटरीची गरज नाही. दोन्ही भाषा येणाऱ्या कुणीही करावं, अर्जदाराने स्वतः मात्र करू नये. खाली लिहावं की भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात, मग नाव, सही, पत्ता, तारीख. ‘गोवर-रुबेला’ला सरळ एमएमआर लिहिलं तर चूक होईल, कार्डावर आहे तेच लिहा.

आणि तारखा. कार्डावर ०५-०८-२०१८ म्हणजे ५ ऑगस्ट, इथली नर्स ८ मे वाचणार. मुलाचा जन्म जूनचा, म्हणजे जन्माआधी लस दिली असं दिसेल आणि कार्डच संशयास्पद ठरेल. भाषांतरात महिना अक्षरात लिहा.

रानजाई

मुलाचं सोपं आहे. तो इथल्या शाळेत जातो म्हणजे प्रवेशाच्या वेळी शाळेने लशींची नोंद तपासलेली आहे. शाळेच्या नर्सकडून आणि बालरोगतज्ज्ञाकडून ताजी छापील नोंद घ्या, भारतातले डोस त्यात चढवलेले आहेत का बघा. नसतील तर बालरोगतज्ज्ञांना कार्ड दाखवून चढवून घ्या.

गावच्या सरकारी कार्डात नेहमी चार जागी कमी पडतं. पेंटाव्हॅलंटचे (पाच आजारांची एकत्र लस) तीन डोस सहा, दहा, चौदा आठवड्यांना झालेले असतात. त्यात कावीळ ब असते, पण इथे तिचा शेवटचा डोस २४ आठवडे वयाआधीचा चालत नाही, म्हणून आणखी एक लागतो. पोलिओचे थेंब २०१८ चे म्हणजे दोन प्रकारांचे, ते धरत नाहीत. कार्डावर आयपीव्ही (पोलिओची सुई) वेगळं लिहिलेलं असेल तर त्या तारखा दाखवा, चौथ्या वर्षानंतरचा एक डोस तरीही लागेल. आणि गोवर-रुबेलाच्या लशीत गालगुंड नसतो. खासगी दवाखान्यात एमएमआर घेतलेल्या मुलांचं वेगळं: नवव्या महिन्याची बाद, पंधराव्या महिन्याची आणि पुढची धरतात. कांजिण्यांचे दोन डोस सरकारी कार्डात नसतातच.

शाळेने घेतलं म्हणजे हे बहुतेक इथे आधीच भरून काढलं असेल. हिब (पेंटाव्हॅलंटमधलाच एक घटक) मात्र आठ वर्षांच्या मुलाला लागत नाही, तो रकाना रिकामा दिसला तर घाबरू नका.

चाफेकळी

याच धाग्यात विचारते. वडील १९५५ चे, आई १९६० ची, दोघांचं मेडिकल आणि मुलाखत मुंबईला आहे. कुणाकडेच कागद नाही.

निशिगंध

भारतात मेडिकल वकिलातीने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरांकडेच होतं, फॉर्म वेगळा, नियम जवळपास तेच. वडील १९५७ पूर्वीचे म्हणून त्यांना एमएमआर नाही. आईंना आहे. कावीळ ब साठच्या पुढे दोघांनाही नाही. टीडॅप किंवा टीडी दोघांना, टीटीची चिठ्ठी चालणार नाही. ६५ पूर्ण असतील तर न्युमोनियाची लस. कांजिण्या येऊन गेल्या असतील तर दोघांनी ठाम सांगावं. हृदयविकार, मधुमेह, स्टेरॉइड किंवा केमोथेरपी चालू असेल तर औषधांच्या चिठ्ठ्या न्या. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना जिवंत लशी देत नाहीत आणि डॉक्टर तसं फॉर्मवर नोंदवतात. मुलाखतीच्या आदल्या दिवशी नको, दोन-तीन आठवडे आधीची वेळ घ्या.

बोरूबहाद्दर

कृष्णाकाठ, शेवटचं एक. डिसेंबर २०२४ पासून आय-६९३ हा आय-४८५ सोबतच जोडावा लागतो, नंतर पाठवू म्हणून चालत नाही. डॉक्टर पाकीट बंद करण्याआधी त्यांच्यासमोर तीन गोष्टी बघा: फॉर्मची आवृत्ती चालू आहे का, लशींच्या तक्त्यात प्रत्येक ओळीत तारीख किंवा सवलतीची खूण आहे का, आणि नाव-जन्मतारीख पासपोर्टशी जुळते का. रिकामी ओळ राहिली की पुढे पत्र येतं आणि काही महिने जातात. स्वतःसाठी एक प्रत मागून घ्या. बंद पाकीट मात्र घरी उघडू नका, उघडलेलं स्वीकारत नाहीत.